अंगावरची खूण आणि घरादाराचं मत

बारशाला जमलेल्या बायका पाळण्यापाशी येतात त्या नाव ऐकायला नव्हे, तपासणीला. नाव काय, ते पेढ्याबरोबर कळतंच. तपासणीत आधी नाक कुणाचं हे ठरतं, मग रंग कुणाचा, आणि शेवटी आवाज खाली आणून प्रश्न येतो, "हे काय गं मानेवर?" बाळाच्या आईने तोवर मानेवरचा तो गुलाबी पट्टा फारसा मनावर घेतलेला नसतो. आता घेते. गंमत म्हणजे त्याच बाळाच्या गालावर सकाळीच कुणीतरी काजळाची ठसठशीत तीट लावलेली असते. नितळ गालाला नजर लागते, म्हणून तिथे आपल्या हाताने काळा ठिपका काढायचा. आणि निसर्गाने आपण होऊन एखादा ठिपका लावून पाठवला, तर तो कसा घालवायचा यावर पाळण्याभोवतीच परिसंवाद भरवायचा! घरची तीट संध्याकाळी पुसता येते, निसर्गाची येत नाही, एवढाच काय तो निसर्गाचा गुन्हा.

पूर्वी हा परिसंवाद "मोठी झाली की जाईल" किंवा "असतं एकेकाचं नशीब" यावर संपायचा. हल्ली तो "लेझर करून टाका" यावर संपतो. सांगणाऱ्या काकूंना लेझर म्हणजे काय हे ठाऊक असण्याची गरज नसते. त्यांच्या भावजयीच्या मैत्रिणीने केलेलं असतं, तेवढं पुरतं.

सरकारचं मत मात्र काकूंपेक्षा वेगळं आहे. सरकारला डाग हवा असतो. पासपोर्टच्या अर्जात दिसणारी ओळखीची खूण विचारतात. नोकरीच्या वैद्यकीय दाखल्यावर तर अशा दोन-दोन खुणा लागतात. ज्याचं अंग कोरं, त्याची पंचाईत. डॉक्टर बाह्या वर करायला लावून तीळ शोधत बसतात आणि शेवटी लहानपणी सायकलवरून पडल्याची गुडघ्यावरची खूण त्याची नोकरी वाचवते. त्यातही अंगभर तिळांचं पीक असलेला उमेदवार भाव खाऊन जातो.

खुणेवरून माणूस ओळखायची ही पद्धत सरकारने शोधलेली नाही. आपल्या विदर्भाच्या लेकीची, दमयंतीची, ओळख अशीच पटली. नल तिला वनात सोडून गेल्यावर ती चेदीच्या राजवाड्यात सैरंध्री होऊन राहिली. वडिलांनी शोधाला धाडलेल्या ब्राह्मणांपैकी सुदेवाने तिला ओळखलं, ते दोन भुवयांच्या मधल्या जन्मजात खुणेवरून. तीही मळाने झाकली गेली होती. राजकन्या सुनंदेने मळ पुसला, खूण दिसली, आणि राजमातेला कळलं की ही तर आपल्या बहिणीची मुलगी. वनपर्वात हे सगळं आहे. चेदीच्या बाजारपेठेत त्या काळी एखादं 'स्किन अँड ग्लो' क्लिनिक असतं, तर नलोपाख्यान किती लांबलं असतं याचा विचार करवत नाही.

अलीकडच्या काळातली सर्वांत प्रसिद्ध जन्मखूण गोर्बाचेव्ह यांच्या कपाळावरची. १९८५ साली ते सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले, तेव्हा सुरुवातीच्या अधिकृत फोटोंतून तो लालसर-जांभळा डाग बिनबोभाट काढून टाकलेला असे. १९८६च्या नोव्हेंबरात ते दिल्लीला आले आणि आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतून तो घरोघर पोहोचला. कुणाला त्यात एखाद्या देशाचा नकाशा दिसला, कुणाला बेट. मोकळेपणाचं धोरण जाहीर करणाऱ्या माणसाच्या कपाळावर फोटोग्राफरने ब्रश फिरवणं, हे पुढे खुद्द त्यांच्या लोकांनाही विनोदी वाटू लागलं असावं. तो डाग ज्या जातीचा होता तिला डॉक्टर 'पोर्ट-वाइन स्टेन' म्हणतात. तिच्याकडे मी परत येणार आहे, कारण या लेखातलं खरं भांडण तिच्यावरून आहे.

त्याआधी ग्रहणाचा निकाल लावू. बाळाच्या अंगावर डाग दिसला की आपल्याकडे पहिली उलटतपासणी आईची होते. ग्रहणात विळी धरली होतीस का? कुठे खाजवलं होतंस का? डोहाळे अपुरे राहिले का? शेवटच्या प्रश्नाला सासरची माणसं जरा जपून असतात, कारण तिथे आरोप उलटू शकतो. आता या खटल्यात पुरावा आला आहे. पोर्ट-वाइन स्टेनचं मूळ २०१३ साली सापडलं. गर्भ वाढत असताना एखाद्या पेशीतल्या जीएनएक्यू नावाच्या जनुकात एक बारीकसा बदल होतो. त्या पेशीपासून पुढे जन्मलेल्या पेशींपुरताच तो राहतो, आणि त्या भागातल्या केशवाहिन्या कायमच्या रुंद होऊन बसतात. हा बदल आईकडून आलेला नसतो, बापाकडून नसतो, आणि पुढच्या पिढीतही जात नाही. ग्रहण, विळी आणि डोहाळे हे तिघेही निर्दोष सुटले. सुनेचं तर नावही आरोपपत्रात नको होतं.

मला खुपतं ते निराळंच. जन्मखुणांच्या बाबतीत थांबायला हवं तिथे आपण घाई करतो, आणि घाई करायला हवी तिथे थांबतो.

बारशातला तो मानेवरचा गुलाबी पट्टा घ्या. तो पुष्कळ बाळांना असतो. बाळ रडलं की लाल होतो आणि आजीच्या छातीत धस्स करतो. पापणीवर किंवा कपाळावर असला तर बहुधा वर्षा-दोन वर्षांत फिकटतो. मानेवरचा अनेकदा राहतो, पण वर केस येतात आणि प्रश्न मिटतो. कंबरेवर आणि ढुंगणावर असणारे निळसर-करडे डागही असेच. मंगोलियाशी आपला काही संबंध नसताना त्यांना 'मंगोलियन स्पॉट' म्हणत आले. आपल्याकडे ते इतके सर्रास दिसतात की बालरोगतज्ज्ञ मान वर करूनही पाहत नाहीत. घरचे मात्र दवाखान्यातल्या नर्सबाईंनी चिमटे काढले की बाळ आपटलं, याची चौकशी सुरू करतात. ते डागही बहुधा शाळेत नाव घालायच्या सुमारास फिकट झालेले असतात. या दोघांवर लेझर चालवणं म्हणजे पैसे देऊन बाळाला रडवणं.

मग ती लाल, फुगीर, स्ट्रॉबेरीसारखी दिसते म्हणून त्याच नावाने ओळखली जाणारी गाठ. वैद्यकात तिला हिमँजिओमा म्हणतात. जन्माच्या वेळी ती नसते किंवा नखाएवढी असते, आणि पहिल्या काही आठवड्यांत अशी वाढू लागते की आईबापांची झोप उडते. पण वाढून झालं की ती आपण होऊन ओसरायला लागते. सावकाश, काही वर्षं घेऊन. म्हणून लहान आणि आडबाजूच्या गाठीवर नुसतं लक्ष ठेवतात. डोळ्यापाशी, नाकावर, ओठावर, हनुवटी-गळ्याच्या पट्ट्यात असली, किंवा फुटून जखम झाली, तर मात्र पहिल्या काही आठवड्यांतच डॉक्टरांना गाठायचं. इथली गंमत अशी की, आज तिचा पहिला उपाय लेझर नाहीच. तो आहे प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे कुठल्याही वाड्यातल्या दोन आजोबांना ब्लडप्रेशरसाठी किंवा छातीच्या धडधडीसाठी कधीतरी दिलेलं जुनं औषध. फ्रान्समधल्या बोर्दो इथे एका बाळाला हृदयाच्या तक्रारीसाठी ते दिलं, तर नाकावरची गाठच फिकी आणि मऊ पडायला लागली. तिथल्या डॉक्टरांनी २००८ साली हे जगाला कळवलं आणि या गाठींचं सगळं शास्त्र कूस बदलून बसलं. डाग घालवायला निघालेल्या माणसांपेक्षा डागाकडे नुसतं नीट पाहणाऱ्या माणसांनी जास्त डाग घालवले आहेत, असं मला कधीकधी वाटतं. मात्र हे औषध आजोबांच्या डबीतून काढून बाळाला द्यायचं नाही. बाळाच्या नाडीवर आणि रक्तातल्या साखरेवर नजर ठेवून डॉक्टरच ते देतात.

आता पोर्ट-वाइन स्टेन. हजार बाळांत साधारण तिघांना तो असतो, बहुतेकदा चेहऱ्यावर किंवा मानेवर, आणि पुष्कळदा एकाच बाजूला. जन्मतःच असतो, सपाट असतो, गुलाबी असतो. तो गुलाबी रंगच घात करतो. "किती गोड दिसतोय, मोठेपणी जाईल," असं म्हणून घरचे थांबतात. तो जात नाही. मूल वाढतं तसा तोही वाढतो, गुलाबीचा लाल, लालचा जांभळा होतो, आणि वय झाल्यावर तिथली कातडी जाड आणि खडबडीत होऊ शकते. लेझरला तो उत्तम दाद देतो ते तान्हेपणी, कारण कातडी पातळ असते, डाग लहान असतो आणि बाळाला दुपट्यात गुंडाळून धरता येतं. आणि आपण जागे कधी होतो? मुलगी स्थळं पाहायची झाली की! वीस-बावीस वर्षं सबुरी धरायची आणि मग "दोन महिन्यांवर साखरपुडा आहे, काय ते करून टाका" म्हणत डॉक्टरांच्या केबिनमध्ये घुसायचं. मुलग्याचं तर तेवढंही होत नाही. त्याच्या गालावरचा डाग पगाराच्या आकड्याखाली झाकला जातो अशी आपली समजूत आहे.

हाच डाग कपाळावर किंवा वरच्या पापणीवर असला, तर लेझरच्या कितीतरी आधी बाळाला डोळ्यांच्या आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवायला हवं. काही थोड्या बाळांत त्याबरोबर डोळ्यातला दाब वाढणं आणि झटके येणं हे जोडून येतं. तिथे दिसण्याचा प्रश्न दुय्यम. तसंच, दुधाळ कॉफीच्या रंगाचा एखादा डाग कुणालाही असतो आणि लेझर केला तरी पुष्कळदा परत येतो. पण लहान मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरपेक्षा मोठे असे सहा किंवा जास्त डाग दिसले, तर डॉक्टरांना दाखवावेत. मोठा, काळा, केसाळ, जन्मापासूनचा तीळ किंवा आकार-रंग बदलणारा कुठलाही तीळ हे तर लेझरच्या दुकानाचं कामच नव्हे. तो आधी जाणत्या डोळ्यांनी पाहावा लागतो, कधी तुकडा काढून तपासावा लागतो. वरचा रंग लेझरने उडवून दिला तर आत काय चाललंय याची खबर देणारी खूणच जाते. आणि पांढरा डाग? तिथे रंगच कमी, लेझर उडवणार काय?

लेझर म्हणजे लागेल ते भाजून काढणारा किरण, अशी आपली समजूत सिनेमांनी करून दिली आहे. सुरुवातीचे लेझर थोडेफार तसेच होते. थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या कांडीतून पहिला लेझर काढला, आणि दोन-चार वर्षांतच सिनसिनाटीचे त्वचारोगतज्ज्ञ लिऑन गोल्डमन तो माणसाच्या कातडीवर वापरून पाहू लागले. पुढे आर्गॉन लेझर आला. लाल डाग त्याने जायचा, पण जागेवर पुष्कळदा व्रण राहायचा. म्हणजे एक डाग देऊन दुसरा घ्यायचा.

त्यातून सुटका केली ती बॉस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी, १९८३ साली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. प्रत्येक रंग ठराविक प्रकाश शोषतो. रक्ताला जो आवडतो तो पिवळसर प्रकाश निवडा, कातडीला रंग देणाऱ्या मेलॅनिनला जो आवडतो तो त्याच्यासाठी निवडा. आणि तो इतक्या कमी वेळ टाका, की ज्याला तापवायचं ते तापेल पण शेजाऱ्याला उष्णता पोहोचायच्या आत काम आटोपेल. तव्यावरची भाकरी नुसत्या बोटांनी उलटणाऱ्या बाईला हे गणित शिकवावं लागत नाही. तिथे सगळी करामत वेळेची असते. या हिशेबाने रक्तवाहिन्यांसाठी पल्स्ड डाय लेझर निघाला. तो आज बहुधा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो आणि त्याची झळ मिलिसेकंदांत मोजतात. काळ्या-निळ्या रंगासाठी क्यू-स्विच्ड लेझर वापरतात. त्याची झळ सेकंदाच्या काही अब्जांश भागांची. म्हणून "आमच्याकडे लेझर आहे" या वाक्याला काही अर्थ नाही. कुठला आहे, हे विचारायचं. केस काढायच्या यंत्राने जन्मखूण काढून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून बाहेर पडायचं.

माझ्या भाचीला डाव्या डोळ्याभोवती आणि गालाच्या वरच्या भागावर निळसर-करडा डाग होता. लहानपणी फिका होता, वयात येताना गडद झाला. अनोळखी बायका बसमध्ये तिला विचारायच्या, "कुणी मारलं का गं?" लग्न झाल्यावर याच प्रश्नाचा सूर बदलला आणि नवऱ्याकडे संशयाने पाहिलं जाऊ लागलं. तो बिचारा शाकाहारी, झुरळसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडणारा. या डागाचं नाव 'नीव्हस ऑफ ओटा'. मासाओ ओटा या जपानी डॉक्टरांनी १९३९ साली त्याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. हे ओटा किनोशिता मोकुतारो या टोपणनावाने कविता आणि नाटकं लिहीत, आणि जपानी साहित्यात त्या नावानेच ओळखले जातात. दिवसभर दवाखान्यात निळे डाग पाहून संध्याकाळी कविता लिहिणाऱ्या या माणसाबद्दल मला उगाचच आपुलकी वाटते. आशियाई लोकांत, त्यातही बायकांत, हा डाग जास्त दिसतो. त्यातलं मेलॅनिन तपकिरीच असतं. पण ते कातडीच्या खोल थरात असल्यामुळे प्रकाश विखरून वर येतो तो निळसर होऊन, आकाशाच्या बाबतीत होतं तसाच प्रकार.

भाचीने ठरवलं तेव्हा ती नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती, लग्नही पार पडलं होतं. म्हणजे स्थळासाठी नव्हतं, साखरपुड्यासाठी नव्हतं. "मला कंटाळा आलाय सांगून सांगून, मामा," एवढंच म्हणाली. मी सोबतीला गेलो. डॉक्टरांनी आधी तिला नेत्रतज्ज्ञाकडेच पाठवलं, कारण या डागाबरोबर डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. तिच्या आत्याला ते पटलं नाही. "डाग गालावर, आणि डोळ्याचे पैसे कशाला?" मग डॉक्टरांनी सांगितलं ते मला फार आवडलं. "पुष्कळ फिकट होईल. किती, ते तुमची त्वचा सांगेल, मी नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची निळी झाक तशीच राहील, तिथे लेझर चालवत नाहीत." ज्या डॉक्टरांनी पहिल्या भेटीत काय होणार नाही ते सांगितलं, ते अर्धे तिथेच पास झाले.

मग कानाजवळच्या छोट्या जागेवर चाचणी, आणि महिना-दीड महिना नुसती वाट. ही वाट आपल्यासारख्या सावळ्या माणसांसाठी फार मोलाची. आपल्या वरच्या कातडीतही मेलॅनिन भरपूर. लेझर त्यालाही धरतो, आणि मग कुणाची जागा काळवंडते, कुणाची पांढुरकी पडते. म्हणून आपल्या रंगावर १०६४ नॅनोमीटरचा लेझर जास्त सांभाळून घेणारा मानतात, ताकद जपून वाढवतात, आणि उन्हाने नुकत्याच रापलेल्या चेहऱ्याला हात लावत नाहीत. गोऱ्या कातडीवरचे इंटरनेटवरचे आधीचे-नंतरचे फोटो पाहून मनात मांडे खाऊ नयेत.

प्रत्यक्ष दिवशी आधी तासभर बधिर करणारं मलम. मग डोळ्यांत थेंब घालून पापण्यांखाली धातूची वाटोळी झाकणं, खोलीतल्या सगळ्यांना चष्मे. मलाही एक मिळाला. तो लावून मी भलताच शास्त्रज्ञ दिसत होतो असं भाचीने झाकणं काढल्यावर सांगितलं, म्हणजे तिने नंतर पाहिलं, पण सांगायला विसरली नाही. टक्-टक् आवाज, बारीक लव जळल्याचा वास, आणि प्रत्येक ठिपक्यावर क्षणभर उमटणारा पांढरा रंग. दुखतं कितपत, याचं उत्तर सगळे डॉक्टर एकच देतात: रबरबँड ताणून सोडल्यासारखं. भाचीचं मत असं, की ज्यांनी ही उपमा काढली त्यांच्या गालावर कुणी तासभर रबरबँड सोडून पाहिलेलं नाही. लहान मुलांना मोठा डाग असेल तर म्हणूनच कधी पूर्ण भूल देतात, आणि भूल आली की तिचा वेगळा विचार आला.

घरी आल्यावर गाल सुजून लाल. आत्या म्हणाली, "हे काय, होता तो बरा होता." पोर्ट-वाइन स्टेनवाल्यांच्या घरी तर याहून मोठा गहजब होतो, कारण पल्स्ड डाय लेझरनंतर ती जागा आठ-दहा दिवस काळी-निळी पडते. डाग काढायला गेलेलं लेकरू दुप्पट डाग घेऊन परत येतं. ते अपेक्षितच असतं. म्हणून साखरपुडा, लग्न, मुलाखत यांच्या तोंडावर हे काम काढू नये. पुढे फिकं पडायला आठवडे, महिने लागतात. लेझर रंगाचे कण फक्त फोडतो, वाहून नेतात शरीराच्या पेशी, आणि त्यांना काकूंइतकी घाई नसते. दोन बैठकांत म्हणून क्यू-स्विच्डसाठी दोन-तीन महिन्यांचं अंतर ठेवतात. पोर्ट-वाइनला ते कमी, पण बैठका पुष्कळ लागतात, बहुतेकांचा डाग पूर्ण न जाता फिकट होतो, आणि काहींचा वर्षांनी पुन्हा थोडा गडद होतो. हे आधी ऐकून ठेवलेलं बरं. दरम्यान उन्हापासून जपणं, रोज सनस्क्रीन, खपली न उपटणं, आणि हळद-बेसन, लिंबू, ब्लीच यांना गालापासून लांब ठेवणं. शेवटचं सगळ्यांत कठीण, कारण प्रत्येक घरात कुणाच्या तरी हातात वाटी तयार असते.

घरगुती उपायांचा आपला इतिहास जुना आहे. सुश्रुताने क्षुद्ररोगांत तीळ, मस आणि जन्मजात 'जतुमणी' यांची नोंद केली आणि ते शस्त्राने काढून क्षाराने किंवा अग्नीने भाजावेत असं सांगितलं. तो शल्यविशारद होता, त्याला ते शोभलं. आपण त्यातला क्षार तेवढा उचलला आणि चुना-सोड्याचं कालवण तिळावर थापायला लागलो. बिब्ब्याचे प्रयोग करणारे तर महाभागच. बिब्बा उतला की फोड, सूज आणि वर्षभर टिकणारा काळा डाग. भर चौकातल्या 'सर्व प्रकारचे लेझर' अशा पाटीखाली तीन महिन्यांचा कोर्स केलेला कुणी बसला असेल, तर तोही याच परंपरेतला. यंत्र महाग आहे, एवढाच फरक. समोरच्या माणसाकडे त्वचारोगाची एमडी किंवा डीव्हीडी आहे का, हे विचारायला लाजू नये. डीव्हीडी ही खरोखरची पदविका आहे, तिचा सिनेमाशी संबंध नाही. खिशाचा विचार असेल तर मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचा विभागात आधी चौकशी करावी. विम्याची आशा फार धरू नये. बऱ्याच पॉलिसींत बाहेरून दिसणारा जन्मजात दोष वगळलेला असतो. पासपोर्टवाल्यांना खूण दिसणारी हवी, आणि दिसते म्हणूनच विमेवाल्यांना ती नको.

काही बैठकांनंतर भाचीचा डाग इतका फिका झाला, की बसमधल्या बायका तिला वेळ विचारू लागल्या. पापणीच्या कडेला थोडी झाक उरली होती. आत्या म्हणाली, "एवढं केलंस, तर तेवढंही काढून टाक." भाचीने थांबायचं ठरवलं. नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची १८४३ सालची एक कथा आहे. एका शास्त्रज्ञाला आपल्या सुंदर बायकोच्या गालावरची पंजाच्या आकाराची इवलीशी जन्मखूण सलते. तो ती घालवायचं औषध बनवतो. खूण जाते, आणि तिच्याबरोबर बायकोही जाते. त्या शास्त्रज्ञाला छोट्या जागेवर आधी चाचणी घ्यावी हे सुचलं नाही, असं आमचे डॉक्टर म्हणतील. बायकोचं मत विचारावं हेही त्याला फारसं सुचलं नव्हतं, असं भाची म्हणते.

डाग न काढणं हाही उपाय आहे, आणि हवा तेव्हा झाकणारा, हव्या त्या छटेचा मेकअप हाही. मोठ्या माणसाने ते आपलं आपण ठरवावं. तान्ह्या बाळाचं आईबापांनी ठरवावं, आणि पोर्ट-वाइन स्टेन असेल तर लवकर ठरवावं. यात काकू, आत्या आणि मामा यांना मताचा अधिकार नाही. मी माझा आधीच सोडला आहे. डॉक्टरांकडे पहिल्यांदा जाताना मात्र त्या खुणेचे जुने फोटो न विसरता न्या, अगदी बारशाच्या दिवसापासूनचे. ती वाढली की तशीच राहिली, फिकटली की गडद झाली, हे त्यांतूनच कळतं आणि अर्धं निदान तिथे होतं. फक्त फिल्टर लावलेले फोटो नेऊ नका. त्यांत डाग आधीच गेलेला असतो.